हाताशी ठेवलेलं पाणी

मेघा जाधव कुणाच्या घरी गेली की आधी पेशंटकडे बघत नाही, पेशंटच्या उशाजवळच्या गिलासाकडे बघते. गिलास आहे का, त्यात पाणी आहे का, आणि पडल्या जागेवरून हात लांबवला तर तो हाताला लागतो का. बहुतेक घरांत गिलास असतो, पाणीही असतं, पण तो असतो खिडकीच्या कट्ट्यावर, जिथं उभ्या माणसाचाच हात पोचतो. पेशंटला उभं राहता येत असतं तर आम्हाला बोलावलं कशाला असतं?

आमचं काम थोडक्यात सांगते. आईवडील संभाजीनगरात आणि मुलं पुण्यात, बंगळुरात नाहीतर अमेरिकेत, अशी घरं आता इथं गल्लोगल्ली झाली आहेत. मग कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून मावशी ठेवतात. मावशी म्हणजे आंघोळ घालणारी, डायपर बदलणारी, गोळ्या देणारी बाई. कुणी आपल्या गतिमंद भावाला चार-पाच जण मिळून राहतात अशा घरात ठेवतं, तिथंही सांभाळायला माणसं असतात. ही माणसं खरंच नीट सांभाळतात का, हे लांब बसलेल्या मुलांना कोण सांगणार? ते आम्ही जाऊन बघतो आणि लिहून देतो. आमची संस्था लहानशी आहे. तपासणारी मेघा, आणि तिला मागं बसवून स्कूटी चालवणारी, फोन घेणारी, अहवाल टाइप करणारी मी, मोनिका.

प्रश्न विचारून काही कळत नाही, हे मेघानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. खाटेवर म्हातारी, दारात मावशी उभी. अशा वेळी "आजी, बाई नीट बघते का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लई चांगली हाय." जिच्या हातून दोन घास पोटात जायचे आहेत तिला तिच्या तोंडावर नावं कोण ठेवील? म्हणून मेघा विचारत नाही. ती खुर्ची ओढून बसते आणि मावशीला म्हणते, "चहा टाका की थोडा." मग मावशी चहा टाकण्याआधी पेशंटला विचारते का, एवढंच ती बघते. कितीतरी घरांत आम्हा दोघींना कपबशीतून चहा आलेला आहे आणि ज्याचं घर, ज्याचं दूध, ज्याची साखर, तो माणूस उशीवरून आमच्या कपाकडे बघत राहिलेला आहे. मला तो चहा घशाखाली उतरत नाही. मेघा पिते. मग कप खाली ठेवून ती पेशंटच्या टाचा बघते, कानामागं बघते, उशीचा वास घेते.

हे सगळं करताना तिच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. जखमेत किडे निघाले तरी नाही, आणि एखादी मावशी पेशंटचे केस विंचरून दोन वेण्या घालून देते हे बघूनही नाही. मावश्यांनी तिला नाव पाडलंय, फ्रीज मॅडम. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "कुठल्या कंपनीचा?" माझ्यासमोर तिनं केलेला एवढाच विनोद.

ती पहिल्यापासून अशी नव्हती, असं तिची आई मालनबाई सांगते. टीव्ही सेंटरजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांचा फोटो आणि खाली तिच्या वडिलांचा, कडुबा जाधवांचा. मूळ सोयगावकडचे. वाळूजला कंपनीत लागले आणि इथलेच झाले. मुलीला नर्सिंगला घातलं, तिला मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं तेव्हाच त्यांना लकवा मारला. मेघानं नोकरी सोडली आणि वडिलांना धरून बसली. वर्षानुवर्षं. कडुबा चिडायचे, चांगल्या हातानं वाटी भिरकावायचे. सुरुवातीला ती मोरीत जाऊन रडायची. नंतर नंतर मोरीत नुसती उभी राहायची. मग मोरीत जाणंही बंद झालं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दिवसभर झोपली, उठली आणि आईला म्हणाली, "भाजी काय करू?" मालनबाई म्हणते, नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण पोरीच्या त्या विचारण्याची मला जास्त भीती वाटली.

"मला आता काही होत नाही," मेघानं मला एकदा सांगितलं, साखर संपलीय म्हणावं इतक्या साधेपणानं. "वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. डॉक्टर झोपेची गोळी देतो म्हणाला. झोप येते की मला."

माझं उलटं आहे. मला पटकन राग येतो. त्यामुळं आमच्या दोघींच्या वाट्याचा राग मलाच करावा लागतो, आणि वच्छलाबाईंच्या प्रकरणात तो मी पोटभर केला.

वच्छलाबाई उस्मानपुऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये राहायच्या. सोयगाव तालुक्यातलं मराठ्यांचं घर, भरपूर जमीन, ती आता बटाईनं दिलेली. नवरा गेलेला, मुलगा सुदर्शन पुण्यात. खुब्याचं हाड मोडल्यापासून बाई खाटेवर होत्या. सुदर्शनचा फोन आला तेव्हा त्यांना दवाखान्यातून घरी आणून थोडेच दिवस झाले होते, आणि ही दुसरी खेप होती. लघवीत जंतू झाले, अंगातलं पाणी पार कमी झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर किडन्या हातात राहणार नाहीत.

"ती बाई पाणीच देत नाही मॅडम," सुदर्शन म्हणाला. "डायपर बदलायला नको म्हणून. तुम्ही फक्त तसं लिहून द्या, पुढं ब्युरोला मी बघतो."

हे आमच्या कामातलं जुनं पाप आहे. पाणी कमी पाजलं की गादी कमी ओली होते, हे प्रत्येक मावशीला माहीत असतं, आणि काहीजणी करतातही. ज्या मावशीबद्दल आम्ही तसं लिहितो तिचा फोटो सगळ्या ब्युरोंच्या ग्रुपवर फिरतो. मग तिला शहरात कुणी कामावर घेत नाही. स्कूटीवरून जाताना मी माझ्यापुरता निकाल लावूनही टाकला होता.

दार केसरबाईनं उघडलं. पन्नाशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. भीमनगरातून रोज सकाळी यायची, दिवेलागणीला जायची. मेघानं हळूच म्हटलं, "जय भीम, मावशी." केसरबाई जरा चपापली, मग तिनंही हळूच जय भीम घातला आणि आम्हाला आत घेतलं.

खोली स्वच्छ होती. गिलास उशाशी, अगदी हाताच्या अंतरावर, काठोकाठ भरलेला आणि वर ताटली झाकलेली. टाचांना तेल लावलेलं. पाठीवर कुठं जखम नाही. नखं कापलेली. उशीला साबणाचा वास. मी मनातल्या मनात चरफडले, कारण मला काहीतरी घाण सापडायला हवी होती. मेघानं वच्छलाबाईंच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ बघितली, ती खरखरीत, टाळूला चिकटणारी. एवढं नीट ठेवलेलं माणूस आणि आतून वाळलेलं.

"चहा टाका की थोडा," मेघा म्हणाली.

केसरबाई आधी खाटेजवळ गेली. "आजी, तुमाला टाकू का?"

"नगं," वच्छलाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

केसरबाईनं ते उत्तर आधीच ओळखलं होतं. तरी तिनं विचारलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, आणि वच्छलाबाईंनी मान वळवून मेघाला न्याहाळलं.

"तू मोठी मॅडम व्हय?"

"मॅडम नाही आजी. मेघा."

"आडनाव काय तुझं?"

"जाधव."

"कुठले जाधव?"

"सोयगावकडचे."

म्हातारीचा चेहराच उजळला. "अगं बया! आमचं बी तिकडंच. मग आपल्यातलीच म्हन की!"

जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कुणाकुणात आहेत. आमच्याकडे आडनाव विचारतात, आडनावानं भागलं नाही तर गाव विचारतात, आणि तरीही चुकायचं ते चुकतातच. मेघा काही बोलली नाही. मी तोंड उघडणार होते, पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. केसरबाई हातात सांडशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाळे, मला जरा पानी दे गं," वच्छलाबाई म्हणाल्या.

मेघानं उशाचा गिलास उचलला.

"त्ये नगं. त्ये तिनं भरलंय. तू तुज्या हातानं आन."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लगेच राग चढला. मेघा उठली. केसरबाईच्या शेजारून आत गेली, एक गिलास विसळला, माठातलं पाणी भरून आणलं आणि वच्छलाबाईंच्या मानेखाली हात घालून त्यांना पाजलं. म्हातारी घटाघटा प्यायली. दुसरा गिलास मागितला. तिसराही मागितला. श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा ओठ पुढं करायची. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. केसरबाई पुढं झाली आणि तिनं नॅपकिननं हनुवटी टिपली, गळा टिपला. वच्छलाबाईंनी ते टिपू दिलं.

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. हिनं गू-मूत काढलेलं चालतं. हिनं न्हाऊ घातलेलं, तेल लावलेलं, साडी नेसवलेलं चालतं. पाणी तेवढं चालत नाही! जीव गेला तरी चालत नाही!

आम्ही निघालो तेव्हा केसरबाई कचरा टाकायच्या निमित्तानं खालपर्यंत आली.

"पयल्या दिशी इचारलं मला, कुठं राहती," ती म्हणाली. "म्या सांगितलं भीमनगरात. तवापासून आसंच हाय. म्या घंट्याघंट्याला गिलास भरून ठिवते, ती पिकदानीत वतती. पुन्हा भरते. भावकीतली एक सून वरच्या मजल्यावर राहती. ती डबा देती, सकाळी एक तांब्या भरून ठिवती आन् राती झोपाया येती. त्या एका तांब्यावर म्हातारी दिवस काढती. मधी सून गावाला गेली, तर त्यो बी नाय."

"मग तुम्ही ब्युरोला सांगायचं ना!" मी म्हणाले.

"सांगून? जमत नसंल तर सोड म्हनतील. चालनारी बाई पाठवतील. आन् म्या घरी."

"तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. बिलकुल येतो." तिनं कचऱ्याची पिशवी डब्यात टाकली. "पर डोळ्याम्होरं मानूस तहानंनं वाळतंय, ते बी बघवत नाय. एकदा म्या तिच्या तांब्यात गुपचूप पानी वाढवलं. तिला कळलं. उचलून बघितला, जड लागला आसंल. आख्खा तांब्या वतून टाकला, आन् दिवसभर तशीच पडली."

स्कूटीजवळ आल्यावर मी मेघाला धरलं. "सांगितलं का नाहीस तिला? तिथंच सांगायचंस, मी कोण आहे ते!"

"तिला तहान लागली होती," मेघा म्हणाली.

"आणि तुला? तुला काहीच वाटलं नाही?"

तिनं खरंच विचार केला. पोटात दुखतंय का असं डॉक्टरनं विचारल्यावर माणूस दाबून बघतो तसा. "नाही," ती म्हणाली. "राग यायला हवा होता, ना?"

"हो!"

"कसा येतो ते आठवत नाही आता."

मी त्या दिवशी गाडी इतकी वेडीवाकडी चालवली की क्रांती चौकात एका रिक्षावाल्यानं माझा उद्धार केला. मला ते बरंच वाटलं, कुणीतरी भांडायला मिळालं.

ऑफिसात आल्यावर मेघानं सुदर्शनला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण मला टाइप करायचं असतं. तिनं सरळ सांगितलं, केसरबाईंचं काम चांगलं आहे, पाणी त्या वेळेवर देतात, तुमची आई त्यांच्या हातचं पीत नाही.

सुदर्शन म्हणाला, "कसंय मॅडम, जुनं माणूस आहे. आम्ही असलं काही मानत नाही. माझे कितीतरी मित्र त्यांच्यातले आहेत, घरी येतात, जेवतात."

"मग तुम्ही आईशी बोला."

"आता या वयात काय बोलणार? त्यापेक्षा असं करू ना, आपल्यातलीच एखादी बाई बघू. तुम्ही जाधव, तुम्हाला मी वेगळं काय सांगू?"

मी टाइप करायची थांबले.

"मी केसरबाईंच्यातली आहे," मेघा म्हणाली. आवाज तोच, उशीचा वास कसा आहे हे सांगताना असतो तो. "तुमच्या आई आज माझ्या हातून तीन गिलास पाणी प्यायल्या."

फोनवर कुणीतरी दार लावल्याचा आवाज आला. मग सुदर्शन अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, प्लीज. आईला एवढं सांगू नका."

मेघानं अहवाल तोंडी सांगितला, मी टाइप केला. सेवा चांगली. केसरबाईंचा दोष नाही. जातीमुळं पेशंट त्यांच्या हातचं पाणी घेत नाही. घरच्यांनी समजूत घालावी, बाई बदलणं हा उपाय नाही. मी म्हटलं, शेवटचं वाक्य जाड अक्षरात करते. मेघा म्हणाली, कर. सुदर्शननं ते वाचलं की नाही देव जाणे, पण आठवड्याच्या आत केसरबाईला काढलं. ब्युरोनं तिचा फोटो ग्रुपवर टाकला नाही, एवढं त्या अहवालानं झालं. छावणीत एका रिटायर मास्तरांकडे तिला काम मिळालं. ते मास्तर दर थोड्या वेळानं चहा मागतात म्हणून ती वैतागलेली असते, असं कळलं. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आईला सांगू नका म्हणून सुदर्शननं आमचं तोंड बंद केलं, पण स्वतःच्या घरातलं तोंड त्याच्याच्यानं बंद झालं नाही. त्याची मुलगी प्रेरणा कॉलेजात शिकते. फोनवर ऐकू आलेलं दार तिनंच लावलं होतं, आणि तेही सगळं ऐकून झाल्यावर. ती बापाशी भांडली आणि भांडणाच्या भरात आजीला फोन करून सांगून मोकळी झाली, की आजी, तू जिच्या हातचं पाणी प्यायलीस ती जाधव मॅडम केसरबाईंच्याच समाजाची आहे. मग सुदर्शनचा आम्हाला फोन आला. आई सारखी चूळ भरतेय, म्हणाला. जेवण टाकलंय. पुढच्या वेळी दुसऱ्या मॅडमना पाठवा.

"दुसऱ्या मॅडम नाहीत आमच्याकडे," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. रागानं माझे कान तापले होते. मी मेघाला सगळं सांगितलं, शब्द न गाळता, तिला लागावं म्हणून मुद्दाम.

"मग जेवली का ती?" तिनं एवढंच विचारलं.

दिवाळीनंतर पुन्हा उस्मानपुऱ्याची तपासणी आली. करारात ठरल्याप्रमाणे आम्हाला जावंच लागतं. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते, तू नको. मेघानं हेल्मेट डोक्यात घातलं आणि मागं बसली.

या वेळी दार दगडाबाईनं उघडलं. फुलंब्रीकडची, मराठ्यांच्या घरातली, चाळिशीची थोराड बाई. एका हातानं कंबर धरूनच ती चालत होती. तिला दिवसरात्र तिथंच राहायला ठेवलं होतं. चोवीस तासांची बाई आली म्हटल्यावर वरच्या मजल्यावरची सून झोपायला यायची बंद झाली होती, तांब्या भरायचीही बंद झाली होती. डबा तेवढा दगडाबाई स्वतः वर जाऊन आणायची.

वच्छलाबाई निम्म्या झाल्या होत्या. ओठांच्या कडा फुटलेल्या. मेघा आत गेली तशी त्यांनी तिला बघितलं, ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मेघानं उशाशी नजर टाकली. उशाशी काही नव्हतं. पाण्याचा जग बाहेर स्वयंपाकघरात होता, फ्रीजच्या डोक्यावर. मेघा खुर्ची ओढून खाटेजवळ बसली. चहा मागितला नाही.

मी दगडाबाईला घेऊन स्वयंपाकघरात गेले. दार उघडंच होतं.

"पाणी किती देता त्यांना?" मी विचारलं. माझ्या जागी मेघा असती तर तिनं विचारलं नसतं, पण माझा धीर सुटला होता.

तिनं लपवलं नाही. "गोळ्यांपुरतं देते. जास्ती पाजलं की गादी वली व्हती. म्या एकटी बाई, दिसाबी उचलायचं, रातीबी उचलायचं. माजी कंबर गेली, ताई. डोळ्याला डोळा नाय. डाक्टर म्हनतो पाजा. त्यो येतो का उचलाया?"

मला तिच्यावर तुटून पडायचं होतं आणि मला ते करता येईना. ती वाईट बाई नव्हती. थकून थकून तिची समज आटली होती. तिला सोबत द्यायला हवी होती, आणि ज्यानं द्यायला हवी होती तो आपल्यातली बाई मिळाली म्हणून पुण्यात निश्चिंत झोपत होता.

तेवढ्यात आतून वच्छलाबाईंचा आवाज आला. मेघानं काही विचारलं नव्हतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून आपणहून बोलत होती. "लई चांगली हाय बाई. आपल्यातलीच हाय. समदं करती."

मी आणि दगडाबाई ऐकत उभ्या राहिलो. दगडाबाई ओट्याकडे बघत होती. मला वाटलं, म्हातारीला झोप लागली.

"ए बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. पुन्हा थोडं थांबून, "पानी दे."

दगडाबाईनं माझ्याकडे बघितलं, मग फ्रीजकडे. मेघा स्वयंपाकघरात आली. तिनं फ्रीजवरचा जग खाली घेतला, एक गिलास विसळला आणि परत गेली. मला मागं राहवेना. थोड्या वेळानं मीही गेले आणि दारात थांबले.

मेघाचा डावा हात म्हातारीच्या मानेखाली होता आणि उजव्या हातात गिलास. वच्छलाबाईंनी डोळे गच्च मिटलेले होते, कडू औषध घेताना पोरं मिटतात तसे. डोळे मिटून ती पीत होती. गिलास रिकामा झाला. तिला माझ्या पावलांची चाहूल लागली असावी.

"कोन हाय?" तिनं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. "गेली का ती?"

मला माहीत होतं तिला काय ऐकायचं आहे. हो म्हटलं असतं तर तिनं डोळे उघडले असते, तिला बरं वाटलं असतं, आणि मला ते मुळीच करायचं नव्हतं.

"नाही आजी," मी म्हणाले. "इथंच आहे ती. तिच्याच हातात गिलास आहे."

वच्छलाबाईंनी डोळे उघडले नाहीत, तोंड उघडलं. मेघानं जग वाकवून गिलास भरला आणि त्यांच्या ओठांना लावला.